वर्डी सायझमोरची आखूड बंदूक

"आता काप की लेका. कागद आला, सरकारचं तिकीट चिकटलं, आता कशाची वाट बघतुयास?"

"कागद आलाय खरं, मावशी. पर ज्येच्या नावानं आलाय त्यो कुठाय?"

"कुठाय म्हंजे? टेकाडावर हाय. पेटी उचलायला म्होरल्या अंगाला तूच हुतास की."

"म्हणूनच इचारतुय."

वर्डी सायझमोर हातातल्या कागदाकडं बघत राहिली. इलाय कूट्सच्या शेडमध्ये तेलाचा आणि शिळ्या कॉफीचा वास एकत्र कोंडलेला असतो. मधल्या टेबलावर तिच्या नवऱ्याची, होबर्टची, बंदूक आडवी पडली होती. एकनळी, एका वेळी एकच काडतूस घेणारी, स्वस्तातली. आमच्या घळीत, दोन डोंगरांमधल्या या वस्तीत, पोराला पहिली बंदूक घ्यायची तर हीच घेतात, आणि स्वयंपाकघराच्या दाराआड झाडूशेजारी उभी असते तीही हीच. तिची नळी आखूड करायला सरकारचं जे तिकीट लागतं, ते बंदुकीपेक्षा महाग. होबर्टनं त्याचेही पैसे भरले होते. नळीवर पांढऱ्या रंगाची रेघ मारून ठेवली होती, इथं कापायचं म्हणून. आणि कागद यायच्या आधी मेला.

"माणूस गेला तर त्येचं अर्धं काम आपल्यात पुरं करत्यात," वर्डी म्हणाली. "बर्थाचा नवरा गेला तवा त्येचं कुंपण समद्यांनी मिळून उभं केलं. त्या म्हाताऱ्या नोबलचा ट्रक त्येच्या मागं तूच जोडलास."

"कुंपणापायी कुणी तुरुंगात जात न्हाई, मावशी."

"मग तू कापू नगंस. मी कापती."

"तू बी कापायची न्हाई. होबर्टच्या कागदावर तू कापलीस तर तुला धरतील, आन् माझ्या शेडात कापलीस तर मला बी. ज्येचं नाव कागदावर, त्येच्याच हातानं नळी कापायची. त्यो गेला की कागद बी गेला. तुला पायजे तर तुझ्या नावानं नवा अर्ज कर. नवं तिकीट, नवे फोटू, नवे ठसे."

"आन् मग पुन्यांदा थांबायचं."

"थांबायचं."

इलायकडं बंदुका दुरुस्त करायचा परवाना होता, आखूड बंदूक बनवायचा नव्हता, आणि या बाबतीत तो चर्चच्या डीकनपेक्षा कडक. एरवी आमच्याकडं बंदूक म्हणजे शिडीसारखी वस्तू. शेजाऱ्यानं मागितली, दिली. महिन्यानं आठवण झाली की परत आणली. पण ही आखूड झालेली बंदूक तशी नसते. ती ज्याच्या नावावर, त्याच्याजवळच राहायची. भावाला द्यायची नाही, राज्याबाहेर न्यायची तर आधी विचारायचं. तिला उसनं मागता येत नाही. होबर्टनं बायकोसाठी अशी वस्तू बनवायला घेतली होती आणि अर्जावर नाव मात्र आपलं घातलं होतं. कारण त्या घरातले सगळे कागद तोच करायचा. मरायला टेकलेला माणूस जगणार असल्यासारखा वागला, एवढीच चूक. ती आमच्यातल्या कुठल्याही पुरुषानं केली असती.

वर्डीनं कागदाची घडी घातली, कोटाच्या खिशात टाकली. बंदूक उचलून काखेत मारली आणि बाहेर पडली. इलायनं कॉफी विचारली ती तिला ऐकू गेली की नाही कोण जाणे.

वर्डीचं घर घळीच्या अगदी शेंड्याला. त्याच्या वर रस्ता नाही, नुसतं रान. मी राहतो खाली, ओढा मोठ्या रस्त्याला मिळतो तिथं. वर जाणारा प्रत्येक ट्रक माझ्या दारावरून जातो, आणि होबर्ट गेल्यावर वर जाणारे ट्रक किती कमी झाले ते मला दिसत होतं. पहिला आठवडाभर लोकांनी जेवण पोचवलं. घेवडा, मक्याचा पाव, भाजलेलं हॅम, थरांचा सफरचंदाचा केक. मग भांडी परत गेली आणि लोकही.

बाई उंचीला बुटकी. हात आखूड, मनगटं जाड. डोंगरापलीकडच्या कोंबड्यांच्या कारखान्यात तिनं जन्म घालवला. पहाटे व्हॅन यायची, संध्याकाळी सोडायची. गरम पाण्यातनं निघालेल्या कोंबड्यांची राहिलेली पिसं उपटायचं काम. दिवसभर मेलेल्या कोंबड्या हाताळून घरी आली की जिवंत कोंबड्यांना दाणे टाकायची. "ह्या मला वळखत्यात. तिकडच्या वळखायच्या आधीच जायच्या," असं म्हणायची आणि स्वतःच हसायची. होबर्ट खाणीत होता. पुढं कोळशाच्या धुळीनं छाती गेली. शेवटची काही वर्षं नाकात नळी आणि खुर्चीशेजारी घरघरणारं यंत्र, एवढीच त्याची हद्द. त्या खुर्चीतनं त्यानं हे बंदुकीचं काढलं.

कारण होतं. कोंबड्यांची खोली होबर्टच्या बापानं उतारात खणून बांधलेली, पुढून फळ्या, मागून मातीची भिंत. माणूस उभा राहू शकत नाही, वर्डीसुद्धा मान वाकवून जाते. रॅकून, म्हणजे रात्री कोंबड्या चोरणारं मांजराहून मोठं रानजनावर, त्यात शिरला की कोपऱ्यात बसून दात दाखवतो, आणि लांब बंदूक घेऊन आत गेलेला माणूस कोंबड्या बसायच्या दांड्यांत अडकतो. होबर्ट होता तोवर घराच्या दारात उभा राहून आरडाओरडा तरी करायचा. आपण गेल्यावर हिचं काय, हे त्याच्या डोक्यात आलं असणार. बोलला नाही. एकदा वर्डी सफरचंदं सोलत बसली असताना फितीनं तिच्या खांद्यापासून बोटापर्यंत माप घेतलं.

"शवपेटीचं माप घेतुयास व्हय माझ्या?" तिनं विचारलं होतं.

"आखूड निघंल. लाकूड वाचंल," तो म्हणाला होता.

पोरगा डॅरेल ओहायोत. तिकडं कारखान्यात आहे, घर आहे, बायको चांगली आहे. दर रविवारी चर्चनंतर त्याचा फोन यायचा. बापाच्या मातीला आला तेव्हापासून त्याचं एकच.

"आई, बर्फ पडायच्या आत तू हिकडं येतीयास. खोली रंगवलीय."

"कोंबड्या हायत."

"कोंबड्या इक."

"तुझ्या बानं बी खाण इकली न्हाई."

"खाण बाची न्हवतीच! काय बोलतीस तू?"

असं रविवारमागून रविवार चाललं. शेवटी एकदा वर्डी वैतागून म्हणाली, "ह्ये बघ. कोंबड्या हायत तवर मी हाय हितं. कोंबड्या सरल्या की येती तुझ्याकडं. झालं?"

"शब्द?"

"शब्द."

हे तिनं फोनवर सांगितलं आणि बुधवारच्या प्रार्थनेला आलेल्या बायकांनाही सांगितलं. म्हणजे सगळ्या घळीला सांगितलं. आमच्याकडं बाईनं चारचौघींत दिलेला शब्द मागं घेता येत नाही. तेव्हा तिच्याकडं चांगल्या वीसेक कोंबड्या होत्या, आणि होबर्टचा कागद महिन्याभरात येईल अशा समजुतीत ती होती. आला तो असा.

नव्या अर्जाला शेरीफची सही लागायची, त्या काळात तसा नियम होता. शेरीफ रॅन्सम हॉल पोटानं मोठा, मनानं बरा. टोपी टेबलावर ठेवून त्यानं अर्ज वाचला.

"मावशी, बँक लुटायचा इचार हाय का काय?"

"आपल्या बँकेत हाय काय? तुझा पगार?"

"ह्ये काय कामाला तुला? एक चांगलं पिस्तूल घे की."

"पिस्तुलानं मला कोठाराची भिंत बी लागत न्हाई. आत उभं राहून बी."

"बरं, रात्रीचं मी कुणाला तरी पाठवतो. रॅकून मारून जाईल."

"पाठीव. सोमवारी पाठीव, मंगळवारी पाठीव, बुधवारी पाठीव. आन् त्येला जेवायला बी घालती."

रॅन्समनं सही केली. मग ठशांचं आलं. कारकून बाईनं वर्डीची बोटं एकेक करून शाईत दाबली, कागदावर फिरवली. उमटले ते दहा काळे डाग. रेघ एक नाही.

"घट्ट दाबू नगं, मावशी."

"मी दाबतच न्हाई. तूच दाबतीयास."

पुन्हा घेतले, पुन्हा तसंच. कारखान्यातल्या गरम पाण्यानं आणि पिसांनी बोटांच्या रेघा केव्हाच धुऊन नेल्या होत्या. वर्डीला त्याचा पत्ता नव्हता. कोण स्वतःच्या बोटांची टोकं बघत बसतं? ती खुर्चीत बसून दोन्ही हात उजेडाकडं धरून बघत राहिली, दुसऱ्याचे असल्यासारखे.

"मग मी कोण ह्ये सांगायचं कसं त्यास्नी?" ती म्हणाली.

कारकून बाई हुशार होती. ती म्हणाली, घरी जा, साबणाला हात लावू नकोस, भांडी घासू नकोस, झोपताना मलम चोळून हातमोजे घाल, आणि मग ये. तेव्हा वर्डीनं होबर्टचे जनावरांच्या कामाचे हातमोजे काढले. ते घालून झोपली, ते घालूनच कोंबड्यांना दाणे टाकले. भांड्यांचा ढीग साठला. मी एकदा मध द्यायला वर गेलो तर ती हातमोजे घालून कॉफी पीत होती.

"हात जपतीय," ती म्हणाली. "लगीन ठरल्यागत."

तिसऱ्या खेपेला ठसे उमटले. पुसट, पण उमटले.

अर्जात एक रकाना होता, नळी किती लांब ठेवणार म्हणून. इलाय म्हणाला, होबर्टची रेघ आहे, तेच माप लिही. वर्डीनं लिहायला पेन उचललं आणि ठेवलं.

"उद्या सांगती," म्हणाली.

घरी जाऊन तिनं झाडूचा दांडा काढला. होबर्टच्या रेघेपर्यंत बंदूक जेवढी भरली असती, तेवढाच कापला. तो खांद्याला लावून कोंबड्यांच्या खोलीत शिरली आणि वळली. दांडा खाडकन दांड्यांवर आपटला, कोंबड्या किंचाळत उठल्या. डावीकडं वळली, तेच. वर्डी तिथंच उकिडवी बसली.

होबर्टनं आठवणीतली खोली मापली होती. दुसऱ्या ओळीच्या दांड्या वर्डीनं स्वतः ठोकल्या होत्या, तो खुर्चीत गेल्यानंतर. तेव्हापासून तो या खोलीत आलाच नव्हता. यायला त्याला वीस पावलंसुद्धा चालवत नव्हती. त्याच्या डोक्यात अजून जुनीच खोली होती, एका ओळीची, मोकळी. आणि हाताचं माप घेतलं ते बाहेर, खुर्चीत, सफरचंदांच्या टोपलीवर.

इतके दिवस तिच्या मनात होतं की हे होबर्टचं काम आहे, आपण फक्त पुरं करायचं. रेघ मारलेली आहे, रेघेवर कापायचं. आता कळलं की रेघ चुकलीय आणि बरोबर कुठं, हे सांगणारं कुणी नाही.

तिनं करवत आणली. दांडा थोडा कापला, आत गेली, वळली, आपटला. पुन्हा कापला. असं करत करत एकदा दांडा दोन्ही ओळींमधनं न आपटता गर्रकन फिरला. तिनं तो खांद्याला तसाच धरून ठेवला थोडा वेळ. कोंबड्या एव्हाना सरावल्या होत्या. एकीनं तिच्या बुटावर चोच मारली.

दुसऱ्या दिवशी दांडा घेऊनच ती इलायकडं गेली. इलायनं दांडा बंदुकीशेजारी ठेवला आणि डोकं खाजवलं.

"होबर्टची रेघ तर हिकडं हाय, मावशी."

"होबर्टनं कोंबड्यांची खोली शेवटची कवा बघितली ठावं हाय?"

"लई आखूड हुईल. हलकी बंदूक, आखूड नळी. लाथ मारंल."

"मारू दे. गाढवाशी संसार केलाय."

इलायनं तिचं माप लिहिलं. अर्ज गेला.

मग उन्हाळा आला आणि रॅकूनही. सापळे लावले. जुना नर होता, सापळ्यातलं मांजराचं खाणं हात घालून खायचा आणि सापळा उलटा करून जायचा. शेजारी एकदा आले, दोनदा आले. मीही एकदा बंदूक घेऊन बसलो. आम्ही असलो की तो यायचा नाही. शेजाऱ्याला आपलं घर असतं, आपली झोप असते.

एकदा ती होबर्टची अजून न कापलेली लांब बंदूक तशीच घेऊन आत घुसली. वळताना नळी दांडीत अडकली आणि घोडा सुटला. छपराला भोक पडलं, रॅकून तिच्या पायातनं निघून गेला, आणि पिसं उडालेली एक म्हातारी कोंबडी भीतीनंच मेली. छपराच्या भोकाखाली तिनं पातेलं ठेवलं. कोंबडी शिजवली. एकटीनं दोन दिवस खाल्ली.

डॅरेल दर रविवारी विचारायचा, "किती राहिल्या?" ती खरं सांगायची. चौदा. अकरा. नऊ. खोटं सांगितलं असतं तर त्याला काय ओहायोतनं दिसणार होतं? पण ती खरंच सांगायची. एका रविवारी त्याची बायको फोनवर आली आणि म्हणाली, "आई, पडदे कुठल्या रंगाचे लावू?" वर्डी म्हणाली, "थांब जरा." आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ ओट्यावरच बसून राहिली. मी ओढ्याचा पाइप बघायला वर गेलो होतो, तिनं मला थांबवलं नाही आणि जा असंही म्हणाली नाही.

"ती पोरगी चांगली हाय," ती म्हणाली. "वाईट असती तर बरं हुतं."

झाडांची पानं तांबडी व्हायला लागली तेव्हा कागद आला. वर्डी एम. सायझमोर, असं नाव छापलेलं. टपालवाल्यानं माझ्या दारासमोर गाडी थांबवून मला दाखवलं, जसं काही मीच अर्ज केला होता. तोवर कोंबड्या उरल्या होत्या सहा.

कापायच्या आधी बनवणाऱ्याचं नाव आणि गाव बंदुकीवर कोरावं लागतं. आमच्याकडं कोरायचं यंत्र एकट्या हॅस्केल ड्रेककडं आहे. शर्यतींचे चषक, कुत्र्यांच्या पट्ट्यांवरची नावं, आणि मागच्या शेडात थडग्याचे दगड, असा त्याचा धंदा. वर्डी बंदूक घेऊन गेली. त्यानं बंदूक उलटी केली आणि थांबला. होबर्टनं घाई केली होती. कागद यायच्या आधीच आपलं नाव कोरून घेतलं होतं, वेळ पुरेल की नाही म्हणून. लोखंडावर स्पष्ट, होबर्ट सायझमोर, आणि खाली आमचं गाव.

"ह्ये मीच कोरलंय," हॅस्केल म्हणाला. "घासून काढू? त्याची बायको हायस, तुला इचारतो."

"कायद्याला काय पायजे?"

"बनवणाऱ्याचं नाव पायजे. म्हंजे तुझं. जास्तीचं असलं तर कायद्याचं काय जात न्हाई."

मागच्या शेडाचं दार उघडं होतं. टेकाडावरचा थडग्याचा जोडदगड हॅस्केलनंच कोरलेला, आमच्या रीतीप्रमाणं दोघांची नावं शेजारीशेजारी. होबर्टच्या खाली दोन्ही वर्षं, तिच्या खाली जन्माचं वर्ष आणि पुढं रिकामी जागा.

"तुझं नाव मला पाठ हाय, मावशी," हॅस्केल म्हणाला. "अक्षरं न मोजता बसवीन."

"राहू दे त्येचं," ती म्हणाली. "माझं दुसऱ्या अंगाला घाल. सामान कुणी आणलं ह्ये बी कळाय पायजे."

हॅस्केलनं कोरलं. तो कोरत असताना ती शेजारीच उभी राहिली. तिला कुणीतरी बजावलं होतं की बंदूक कुठं ठेवून जायची नाही. ती कॉफी आणायलासुद्धा हलली नाही.

कापायचा दिवस शनिवार. इलायच्या शेडात मी होतो, दार धरायला म्हणा. इलायनं नळी शिकंज्यात बसवायला दाखवली आणि हात खिशात घातले. खरंच घातले, दोन्ही.

"म्हंजे तू कायच करणार न्हाईस?" वर्डीनं विचारलं.

"त्वांडानं सांगीन. हात लावणार न्हाई. तुझा कागद, तुझा हात."

"डॅरेलच्या येळंला सुईण बी असंच म्हणत हुती."

तिनं करवत लावली. पांढऱ्या रेघेवर नाही, आपल्या खुणेवर. पहिल्यांदा पातं घसरलं, नळीवर चरा उठला. इलायच्या खिशातल्या मुठी हलल्या, पण बाहेर आल्या नाहीत. वर्डीनं श्वास घेतला, पुन्हा लावलं. मग लय सापडली. कारखान्यात उभं राहून काम केलेल्या बाईला एकच हालचाल दिवसभर करता येते. लोखंडाचा भुगा टेबलावर सांडत होता. शेडात तेवढाच आवाज. मधे एकदा ती थांबली, कपाळ पुसलं आणि कुणाकडं तरी बघायला मान वळवली. तिथं मी होतो. तिनं मान परत फिरवली.

तुकडा जमिनीवर पडला, पांढऱ्या रेघेसकट. इलाय म्हणाला, आता कड घास. तिनं घासली. बोट फिरवून बघितली, पुन्हा घासली. नेम धरायचा पुढचा मणी बसवला, तोही तिनंच, वाकडा. काढून पुन्हा बसवला. दस्ता, खांद्याला टेकायचं लाकूड, होबर्टनं जिवंतपणीच कमी करून ठेवला होता. तो तिच्या खांद्याला नेमका लागला. तेवढं माप त्याचं बरोबर होतं. तिनं बंदूक नुसती दोनतीनदा खांद्याला लावून बघितली.

शेडामागं बांधाला तिनं पहिला बार काढला आणि मागं जाऊन चिखलात बसली.

"सांगितलं हुतं," इलाय म्हणाला.

"उठीव आदी. मग सांग."

"आदी बंदूक खाली कर, मावशी. खाली!"

खांदा काळानिळा झाला. बुधवारी प्रार्थनेला ती उजवा हात उचलून गाणं म्हणू शकत नव्हती.

त्यानंतरच्या आठवड्यात, उजाडायच्या बेताला, मला वरून बार ऐकू आला. एकच. मग काही नाही. एकच बार आणि मग काही नाही, हे आमच्याकडं ऐकायला बरं वाटत नाही. मी ट्रक काढला आणि वर गेलो.

वर्डी खोलीच्या दारात फळीवर बसली होती. केसांत पिसं, नाकातनं रक्ताची बारीक रेघ, बंदूक मधनं उघडून मांडीवर. पायाशी तो जुना नर, शेपटीपर्यंत धरला तर कुत्र्याएवढा.

"वळली का?" मी विचारलं.

"वळली." तिनं बाहीनं नाक पुसलं. "आवाज लई हुतो आत. अजून कायबी नीट ऐकू येत न्हाई. म्होटं बोल."

"किती राहिल्या?" मी मोठ्यानं विचारलं.

"पाच. त्यातल्या दोन आता महिनाभर अंडं घालायच्या न्हाईत."

मी नराला उचलून बाजूला केलं. कातडं काढून देऊ का विचारलं. नको म्हणाली, मीच काढीन. घरात येऊन कॉफी पी म्हणाली. पण स्वतः उठेना, म्हणून मीही दारातच बसलो. घर खाली दिसत होतं. स्वयंपाकघराचा दिवा चालू राहिला होता. चुलीवर काही नव्हतं. कुणी खिडकीशी येऊन, काय झालं गं, म्हणून विचारणारं नव्हतं.

"होबर्ट असता तर ह्यो किस्सा ईस डाव सांगितला असता," ती म्हणाली. "दर डावाला रॅकून मोठा झाला असता."

"डॅरेलला फोन कर."

"करती रविवारी."

रविवारी मी तिथंच होतो, कोंबड्यांच्या खोलीच्या छपराच्या भोकावर पत्रा ठोकायला गेलो होतो. फोन वाजला. वर्डीनं घराच्या उघड्या खिडकीशी उभं राहून खांदा सावरत उचलला.

"किती राहिल्या, आई?"

तो एवढ्या मोठ्यानं बोलायचा की पत्र्यावर मला ऐकू यायचं.

"पाच."

"मग? पाचाचं काय करतीस?"

"वसंतात पिल्लं आणती. जुना नर मारला मी."

तिकडं डॅरेलची बायको मागून काहीतरी विचारत होती आणि तो तिला, थांब जरा, म्हणत होता.

"एकटीनं मारलास?"

"मग कोण हाय हितं?"

"आई," तो म्हणाला.

"खोलीत तुझं कपाट ठेव," वर्डी म्हणाली. "पडदे मात्र लाव. नाताळाला आली तर उन्हं लागत्यात मला."

फोन ठेवला. ती तशीच उभी राहिली, एक हात फोनवर. शब्द राहिला होता, घर राहिलं होतं. समोर सगळा हिवाळा होता. मी छपरावरनं हातोडी हातात धरून बघत होतो आणि ठोकायचं थांबलो होतो. तिच्या ध्यानात आलं.

"ठोक की," ती खालनं ओरडली. "बसलायस काय? बर्फ तुझ्यापायी थांबणार हाय का?"

मग तिनं बंदूक दाराआड न ठेवता कुलपाच्या पेटीत ठेवली, किल्ली गळ्यात घातली, होबर्टचे हातमोजे चढवले, आणि खोरं घेऊन कोंबड्यांच्या खोलीतली घाण उपसायला मान वाकवून आत शिरली.